माझ्या अंगात कुणी येत नाही

शुद्धीवर येताना ज्याच्या नाकाला पहिला वास चपलेचा लागला आहे, त्याच्यासाठी मी हे लिहिते आहे. ज्याच्या मुठीत कुणी किल्ल्यांचा जुडगा कोंबला, ज्याच्या नाकाशी कांदा फोडला, त्याच्यासाठीही. डॉक्टरांनी वाचावं म्हणून हे नाही. त्यांना त्यांची पुस्तकं आहेत.

मला मिरगी आहे. फेफरं म्हणा, फिट म्हणा, मला कोणत्याच शब्दाची लाज वाटत नाही. एके काळी वाटायची. ज्यांनी ती दिली होती त्यांना मी ती परत केली आहे.

येरमाळा माझं जन्मगाव आणि भूम नोकरीचं. एसटीनं दोन्हींत फार अंतर नाही. पण येरमाळ्यात मी पडले की लोक माझ्या पाया पडत, आणि भूममध्ये पडले की माझ्या नाकाला जोडा लावत. आजार तोच, अंग तेच. दोन्हीकडे मला कुणी विचारलं नाही की बाई, तुला काय होतंय?

*

आमच्याकडे चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची जत्रा भरते. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सगळा गाव आणि आलेली जत्रा चुन्याच्या रानात जाते, चुनखडीचे पांढरे खडे वेचते आणि एका जागी त्यांचा ढीग घालते. लहान-थोर सगळे वाकून खडे वेचत असतात, हलग्या वाजत असतात. त्या दिवशी घरात बसलेलं माणूस आमच्या गावात सापडायचं नाही.

मी तेव्हा सतरा-अठराची असेन. आदल्या रात्री झोप नव्हती, उपासामुळं पोटात काही नव्हतं, डोक्यावर चैताचं ऊन आणि कानाशी हलगी. खडा उचलायला वाकले. डाव्या अंगठ्याला मुंग्या आल्या. त्यापुढचं मला ठाऊक नाही.

जाग आली तेव्हा कपाळावर कुंकवाचा थर होता आणि तोंडात रक्ताची चव. जीभ चावली गेली होती. बायका ओळीनं पाया पडत होत्या. "आई राजा उदो उदो" चाललं होतं. एकीनं आपलं तापलेलं तान्हं माझ्या पायाशी आणून ठेवलं होतं. समोर थोरले काका हात जोडून उभे होते. माझे वडील लवकर गेले. तेव्हापासून घर काकांच्या हातात. ज्या माणसानं मला कधी सरळ तोंडानं हाक मारली नव्हती, तो मला हात जोडत होता!

माझं लुगडं खालून ओलं झालं होतं. त्याबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. आई तेवढी पुढं सरकली आणि तिनं आपला पदर माझ्या मांडीवर पसरला. मी आजही विचारते, देवीच आली असेल तर तिला लुगडं ओलं करायची काय गरज पडली होती?

पण देवी ठरली ती ठरलीच. मंगळवारी ओसरीवर माणसं बसायला लागली. मी काही दर मंगळवारी पडायचे नाही, पण पडले की पर्वणी. बोलायचे तर मुळीच नाही. दातखीळ बसलेलं माणूस बोलणार काय? ते काम काकांचं. "देवी म्हणतीया, हिर उगवतीकडं खांदा." "देवी म्हणतीया, त्या घरात लेक देऊ नगा." यायची माझ्या अंगात आणि बोलायची काकांच्या तोंडून. हे गावात एकालाही खटकलं नाही. आत माझं डोकं दिवसभर ठणकायचं आणि बाहेर नारळ फुटत असायचे.

*

निजामाचं राज्य गेलं, शाळा मराठी झाल्या आणि मुलींच्या शाळांना शिकवायला बाया मिळेनात. मी सातवी पास होते. भूमच्या शाळेत जागा निघाली. अंगात येणाऱ्या बाईला आमच्याकडं झाड म्हणतात. काका म्हणाले, "देवीचं झाड घराबाहीर जात न्हाय." त्यावर आई जन्मात पहिल्यांदा त्यांच्यासमोर तोंड उघडून म्हणाली, "भाऊजी, देवीला शिकल्याली पोर बी चालती की." मी भूमला गेले.

ती वर्षं मला फार आवडली. स्वतःची खोली, स्वतःचा पगार, दुसरीच्या वर्गातल्या पोरी. फिट यायच्या, पण बहुतेक खोलीवर, दार लावून. अंगठ्याला मुंग्या आल्या की मी जमिनीवर आडवी होत असे. मग एके दिवशी पाढे म्हणता म्हणता मी वर्गातच पडले.

जाग आली ती कातड्याच्या वासानं. शाळेच्या भिंतीला लागूनच एक काकू राहत. जीव लावणारी बाई, पोरींना उन्हाळ्यात पाणी पाजणारी. पण कुणी पडलं की चप्पल, हे तिचं शास्त्र. ती माझ्या छातीवर जवळजवळ बसून चप्पल नाकात घुसवत होती आणि म्हणत होती, "हुंगा बाई, हुंगा, जोरात हुंगा." माझ्या पोरी कोपऱ्यात एकमेकींना धरून रडत होत्या. चपलेपेक्षा मला ते झोंबलं.

हेडमास्तरांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "बाई, पालक येऊन गेले. म्हणतात, फेस आमच्या पोरींना लागला तर त्यांनाही होईल. तुम्ही शिकवायला योग्य आहात असा डॉक्टरांचा दाखला आणा. नाहीतर मला वर कळवावं लागेल."

वर कळवणं म्हणजे नोकरी जाणं. नोकरी जाणं म्हणजे येरमाळा, काका आणि मंगळवार. मी त्यांना म्हटलं, "दाखला आणते." तो मिळेल की नाही याची मला काही कल्पना नव्हती.

*

बार्शीला आई बरोबर आली. दवाखान्यात आमचा नंबर दुपारी लागला. डॉक्टर वयस्कर होते, चष्मा कपाळावर चढवून बसलेले. त्यांनी मला विचारलं, काय होतं? मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी तेव्हा नसते. मग ते आईकडं वळले.

"तुम्ही सांगा, मावशी."

"तिच्या अंगात देवी येती."

मला वाटलं आता हसतील. हसले नाहीत. म्हणाले, "बरं. आल्यावर देवी काय बोलते?"

"ती न्हाय बोलत. आमचं थोरलं दीर बोलत्यात."

"असं. यायच्या आधी काय होतं?"

आणि माझी आई बोलायला लागली. आधी डावा अंगठा आत वळतो. मग तोंड डावीकडं फिरतं. मग डोळे पांढरे, अंग लाकूड, ओठ काळेनिळे. मग झटके, मग घोरणं. कोणत्या कुशीवर वळवलं की घोरणं कमी होतं, हेही तिनं सांगितलं. कुणाच्या अंगात देवी आल्यावर कोण अंगठ्याकडं बघत बसतं? मी आईच्या तोंडाकडं बघतच राहिले. ती माझ्याकडं बघायचं टाळत होती.

डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला. "ही मिरगी आहे. देवी नाही, भूत नाही, आणि थुंकीनं कुणाला लागत नाही."

आई रडली. मी रडले नाही. खरं सांगायचं तर मला राग आला होता, आणि रागाच्या खाली हलकं वाटत होतं. इतकी वर्षं मी काकांच्या ताब्यातल्या देवीची होते. आता निदान एक आजार माझा स्वतःचा झाला.

मी विचारलं, "पण होतं काय डोक्यात?"

ते म्हणाले, "मेंदूत दोन तऱ्हेचे निरोप फिरत असतात. एक म्हणतो चल, दुसरा म्हणतो थांब. दोन्ही लागतात. नुसतंच थांब असतं तर तुम्ही या खुर्चीपर्यंत चालत आला नसता. नुसतंच चल झालं की ही फिट."

"म्हणजे वर्गासारखं," मी म्हटलं. "एक पोर ओरडलं की शेजारचं ओरडतं. गप बसवणारं कुणी असलं की तिथंच निवतं. नसलं तर सगळा वर्ग बाकं बडवायला लागतो."

"आणि बडवून बडवून दमला की झोपतो," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही मास्तरीण आहात म्हणून बरं झालं. आता ही गोळी म्हणजे तुमची मॉनिटर. एक गोष्ट मात्र गाठीला बांधा. ही एकदम बंद करायची नाही. दाबून ठेवलेला वर्ग असतो तो. मॉनिटर एकदम उठून गेली, तर आधीपेक्षा मोठा दंगा होईल."

आईनंही हे ऐकलं. ती माझ्या शेजारीच बसली होती.

*

गोळी सुरू करून बघायला त्यांनी मला ठेवून घेतलं. सकाळी फरशी पुसल्याचा फिनेलचा वास, मग चहा, मग ताप बघणारी नर्स, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपारची न सरणारी वेळ. माझ्या खाटेला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडे लावले होते. पहिल्या दिवशी मी नर्सला म्हटलं, मी काय शेरडू आहे? ती म्हणाली, "पडशील आणि माझ्या नावानं बोंब होईल. गुमान झोप."

शेजारच्या खाटेवर ढोकीची एक म्हातारी होती, बैलगाडीवरून पडून मांडीचं हाड मोडलेली. माझ्या आजाराचं नाव ऐकून समोरच्या बाईनं खाट बदलून मागितली. म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "जा की. माझी मांडी मोडलीया म्हणून तुजी मोडली का? आली मोठी." आणि आपल्या फडक्यातलं धपाटं मोडून अर्धं मला दिलं. कुणी माझ्या हातचं सोडा, माझ्या शेजारी बसूनही खाईनासं झालं होतं. ते धपाटं मी पुरवून पुरवून खाल्लं.

गोळीचं कौतुक मी सांगणार नाही. पहिले काही आठवडे मी पेंगत होते. जीभ जड झाली, चालताना भिंत धरावी लागे. माझ्या लाडक्या पोरींची नावं आठवेनात. फिट थांबल्या, पण वर्गातला गोंगाट गेला तसा वर्गच गेल्यासारखा झाला. मी डॉक्टरांना म्हटलं, "मला गप बसलेला वर्ग नको. पाढे म्हणणारा वर्ग पाहिजे." त्यांनी गोळी थोडी कमी केली, मग वेळ बदलली, मग पुन्हा जराशी वाढवली. हा काटा जुळायला महिने गेले. ज्यांना पेंग येते म्हणून गोळी फेकून द्यावीशी वाटते त्यांना मी सांगते, फेकू नका, डॉक्टरांशी भांडा. मी भांडले, आणि माझी जीभ, पाढे, नावं सगळं जागेवर आलं. दाखलाही मिळाला. हेडमास्तरांनी तो वाचला आणि म्हणाले, "या उद्यापासून."

*

मग चैत्र आला. मी जत्रेला घरी गेले. ओसरीवर आधीच गर्दी होती. बऱ्याच दिवसांत देवी आली नव्हती. लोक कुजबुजत होते. काका मला म्हणाले, "ती गोळी जत्रा होईस्तोवर बंद."

"नाही होणार."

"घराण्याचा मान हाय."

"काका, मान तुमचा. जीभ माझी चावली जाते."

त्यांनी हात उगारला आणि खाली घेतला. देवीवर हात कसा टाकणार? त्यांचीच पंचाईत.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी गोळ्यांची बाटली पिशवीत नव्हती. मी सगळं घर उलथंपालथं केलं. आई चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "जत्रा झाली की देती." मी ओरडले, हातापाया पडले, पुन्हा ओरडले. तिनं मान वर केली नाही. माझा काकांवर नव्हता तेवढा राग त्या क्षणी आईवर होता. एक दिवस गेला, दुसरा गेला. जत्रेच्या गर्दीत बार्शीच्या बसला पाय ठेवायला जागा मिळेना. खडे वेचायच्या दिवशी मी ठरवलं की टपावर बसून जाईन, पण जाईन, आणि चुन्याच्या रानातून आडवाटेनं सडकेकडं निघाले.

पुढचं मी पाहिलेलं नाही. वेगवेगळ्या तोंडांनी ऐकलेलं सांगते. रानाच्या मधोमध माझा अंगठा वळला. मी पडले. लोकांनी रिंगण धरलं, हलगीवाले धावत आले, काकांनी भंडारा उधळला. फिट संपली, आणि मी शुद्धीवर यायच्या आत दुसरी सुरू झाली. मग तिसरी. लोक म्हणाले, यंदा देवी लई जोरात आली. हलग्या आणखी चढल्या.

तेवढ्यात आई रिंगण फोडून आत घुसली. जी बाई थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, तिनं हलगीवाल्याच्या हातातली काठी हिसकून घेतली. "बंद करा रं! देवी न्हाय ही! माझ्या लेकीला फेफरं आलंय, फेफरं! गाडी बगा!" भर जत्रेत. सगळ्या पंचक्रोशीसमोर. काका तिला आवरायला पुढं झाले तर म्हणाली, "हात लावू नगा. लई बोललात तुमी तिच्या तोंडानं."

एसटीच्या एका ड्रायव्हरनं भरलेली गाडी रिकामी केली आणि बार्शीपर्यंत मध्ये कुठंही थांबा घेतला नाही. त्याचं नाव मला आजवर कळलेलं नाही.

*

मी नीट जागी झाले तेव्हा पुन्हा तेच कठडे होते आणि कठड्याला डोकं टेकून आई. मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"पयल्या दिवसापासनं."

"मग देवी देवी का केलंस?"

तिनं माझ्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "तुज्या मावळणीला बी हेच व्हतं. तुज्या बापाची धाकली बहीण. तिला लोकं जोडा हुंगवायची. सासरच्यांनी गोठ्यात ठिवली, तितंच मेली. तू रानात पडलीस तवा बायका देवी म्हणल्या. म्या म्हणलं, असू दे. देवीला कुणी जोडा लावत न्हाय."

"आणि बाटली?"

"गोळीनं तू पडायची थांबलीस. यंदा जत्रंत पडली न्हाईस, तर समद्यांना कळंल की ती देवी नव्हती. मग काय व्हतं? म्या भ्याले गं."

माझा राग तिथं संपला असं लिहायला हवं. संपला नाही, पुढं बरेच दिवस पुरला. पण मी कठड्यातून हात काढून तिचा हात धरला. त्या वेळी तेवढंच जमलं.

बरी झाल्यावर मी मुद्दाम एका मंगळवारी येरमाळ्याला गेले आणि ओसरीवर बसले. पहिली बाई पाया पडायला वाकली, तिचे खांदे धरून मी म्हटलं, "मावशी, उठा. माझ्या अंगात कुणी येत नाही. मला मिरगी आहे. गोळी घेते." काका घरातून ओरडले की हिनं घराण्याचं नाक कापलं. लोक उठून जायला लागले. काहींनी जाताना थुंकलं. गर्दी पांगल्यावर एक म्हातारी मागं राहिली. इकडं तिकडं बघून तिनं हळूच विचारलं, "बाई, ती गोळी कुठं मिळती? आमच्या सुनंला बी असंच हुतंय. आमी कुणाला सांगिटलं न्हाय." मी तिला बार्शीच्या दवाखान्याचा रस्ता सांगितला. देवीवर माझा राग नाही. चैत्रात मी आजही पांढरे खडे वेचते, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, सकाळची गोळी घेऊन.

*

भूमला परतले आणि पहिला तास मी पाढ्यांचा घेतला नाही. पोरींना जवळ बसवलं आणि सांगितलं की मी पुन्हा पडेन, केव्हा ते मला ठाऊक नाही. पडले तर काय करायचं ते शिकवलं. पाट्या-पेन्सिली लांब सारायच्या. डोक्याखाली दप्तर द्यायचं. झटके थांबले की कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही. रडायचं नाही, कारण मला दुखत नसतं. एकीनं विचारलं, "आन् जोडा?" मी म्हटलं, "जोडा पायात घालतात." पोरी खूप हसल्या. पालकांपैकी एक-दोघांनी मुली काढून नेल्या. त्यातली एक पुढच्या वर्षी परत आली.

गोळीनं सगळं थांबतं असं नाही. मला तापातून उठून आल्यावर एकदा पुन्हा वर्गात फिट आलीच. सातचा पाढा चालला होता. अंगठा वळतो आहे हे कळलं, मी खाली बसले, आणि गेले.

जाग आली तेव्हा नाकाला खडूचा वास येत होता. डोक्याखाली कुणाचं तरी दप्तर होतं, कापडी, तेलकट. मी डाव्या कुशीवर होते. पाट्या भिंतीशी रचून ठेवल्या होत्या आणि सगळ्या पोरी मांडी घालून माझ्याभोवती बसल्या होत्या. एकीच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं. बाहेर कुणीतरी दार धडाधडा वाजवत होतं.

"कोण आहे गं?" मी जड जिभेनं विचारलं.

"काकू हायेत, बाई. चप्पल घेऊन आल्यात," एक पोरगी म्हणाली. "आमी कडी लावली."